दोन वर्षं झाली, भूमिका मिळत नाही. नाट्यशिक्षण सोडू का?

पत्राचा सारांश : सत्तरी तालुक्यातल्या एका गावची विद्यार्थिनी गोव्यात नाट्यकलेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून ती गावच्या जत्रेतल्या नाटकांत कामं करते. मागच्या दोन नाटकांत नायिका तीच होती. कॉलेजात आतापर्यंत विद्यार्थ्यांचे तीन प्रयोग झाले. पहिल्या दोन्हींत तिच्याकडे वेशभूषा आली, तिसऱ्यात प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तू सांभाळणं, आणि घोळक्यातलं एक बिनसंवादाचं काम. आता सप्टेंबरच्या प्रयोगाला रंगमंच व्यवस्था तिच्याकडे दिली आहे. तालमी लांबतात आणि वाळपईची शेवटची बस चुकते. घरी वडील विचारतात, ''खुर्च्या हलवायला पदवी लागते?'' ती लिहिते : ''हे सोडून साधी बी.ए. करू, की मुंबईला जाऊन अभिनयाची कार्यशाळा करू? माझ्यात अभिनय नाही, असंच सरांना सुचवायचं आहे का?''

उत्तर :

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्या पोटात आहेत. वर्गात पंधरा जण असतील आणि नाटकात पाच पात्रं, तर दहा जणांना भूमिका मिळत नाही. संहितेत एक म्हातारा, दोन तरुण, एक पोलीस आणि एक मध्यमवयीन बाई असेल, तर तुझ्यासाठी त्यात एकच जागा उरते आणि तिच्यावर तुझ्यासारख्या सहा मुलींची नजर असते. तीन वेळा नाव न येण्यामागे हा साधा हिशेब असू शकतो. दुसरं काही कारणही असेल. पण सरांच्या मनातलं तू ओळखून काढते आहेस, विचारलेलं नाहीस. पत्रात सरांशी झालेलं एकही बोलणं नाही. दोन वर्षांचा निर्णय न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर घेऊ नकोस.

आता जत्रेतल्या नाटकाबद्दल. गोव्यात देवळाच्या मांडवातल्या उत्सवी नाटकानं पिढ्यान् पिढ्या नट आणि प्रेक्षक तयार केले. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचं नाव कला अकादमीच्या नाट्यगृहाला आहे, ते याच मातीतून आलेले. त्या मांडवानं तुला पुष्कळ दिलं आहे : मोठा आवाज, माणसांची भीती नसणं, रात्री उशिरापर्यंत प्रेक्षक धरून ठेवण्याची ताकद. शहरातल्या मुलांना यातलं निम्मंही मिळत नाही, हे विसरू नकोस.

पण तिथल्या कामाच्या सवयीही अंगात मुरतात. तालमी पंधरा-वीस दिवसांच्या. विंगेत वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर असतो, त्यामुळे समोरच्या पात्राऐवजी कान विंगेकडे लागतो आणि प्रत्येक वाक्याआधी अर्धा क्षण थांबायची खोड लागते. वर लटकणारे दोन-तीन माइक असतात; वाक्य बोलायचं की पाय आपोआप त्यांच्या खाली सरकतात आणि तोंड प्रेक्षकांकडे वळतं. प्रयोग वर्षात एक, त्यामुळे चूक दुसऱ्या दिवशी सुधारून पाहण्याची सोयच नाही. कॉलेजच्या निवड चाचणीत दिग्दर्शकाला या सवयी दिसत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. त्या दुरुस्त होतात. शिवाय त्या दुरुस्त करण्याची उत्तम जागा तुझ्या हाती आत्ताच आली आहे.

रंगमंच व्यवस्था म्हणजे खुर्च्या हलवणं नव्हे. पहिल्या वाचनापासून शेवटच्या पडद्यापर्यंत संपूर्ण नाटक ज्याच्या वहीत असतं तो माणूस म्हणजे रंगमंच व्यवस्थापक. ही वही नीट केलीस तर अभिनयाच्या तासाला जे तोंडी सांगतात ते तुला डोळ्यांनी दिसेल.

वही अशी कर. संहिता एकाच बाजूला छापून घे आणि रिंगच्या फाइलीत लाव, म्हणजे प्रत्येक पानासमोर डावीकडे कोरं पान येईल. उजवीकडे संवाद, डावीकडे हालचाली. सगळं पेन्सिलीनं, कारण पहिल्या तीन आठवड्यांत निम्म्या हालचाली बदलतात. उजवं-डावं नेहमी नटाचं. दिग्दर्शक प्रेक्षकांत बसून स्वतःचं डावं सांगत असेल तर पहिल्याच दिवशी हे ठरवून टाका, नाहीतर रंगीत तालमीपर्यंत गोंधळ चालतो. दिवे कुठे बदलायचे त्या प्रत्येक सूचनेला आकडा दे : दिवा १, दिवा २. आवाजाच्या सूचनांना अक्षरं दे : आवाज क, आवाज ख. दोन्हींना आकडे दिले की ''सात, गो'' म्हटल्यावर दिवाही जातो आणि दाराची बेलही वाजते. मध्येच नवी सूचना आली तर तिला ७अ म्हण, पुढचे सगळे आकडे बदलत बसू नकोस.

प्रयोगात सूचना दोनदा द्यायची. साधारण अर्धं मिनिट आधी ''स्टँडबाय, दिवा १२'', दिवे चालवणाऱ्याकडून ''स्टँडबाय'' असं उत्तर आलं पाहिजे, आणि नेमक्या शब्दावर ''दिवा १२, गो''. आकडा आधी, गो शेवटी. ''गो'' हा शब्द त्या काळात दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही. नवखी मुलं ''आता गो म्हणू का?'' असं विचारतात आणि दिवा जातो. सूचना शब्दावर द्यायची की नटाच्या हालचालीवर, तेही वहीत लिही. नट खुर्चीत बसल्यावर दिवा मंद व्हायचा असेल तर वाक्य संपलं तरी थांबायचं. अशा चाळीस जागा ठरवताना नटाचं बसणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे तू जितक्या बारकाईनं पाहशील, तितकं भूमिका करणाऱ्यानंही क्वचितच पाहिलेलं असतं.

जमिनीवरच्या खुणांचंही असंच. नेपथ्याचा आराखडा १ : २५ या प्रमाणात काढून घे, म्हणजे कागदावरचे ४ सेंटीमीटर जमिनीवर १ मीटर. मग तालमीच्या हॉलमध्ये दारं, पायऱ्या, लेव्हल (उंच चौथरे) रंगीत टेपनं खऱ्या मापात आख. हॉल १८ फूट रुंद आणि प्रयोगाचा रंगमंच ३० फूट असेल, तर तालमीत एका वाक्यात पार होणारं अंतर प्रत्यक्षात पाच-सहा पावलांनी वाढतं. वाक्य संपतं आणि नट रिकाम्या तोंडानं चालत राहतो. प्रेक्षकाला वाटतं, नट विसरला. प्रत्यक्षात कोणी विसरलेलं नसतं, माप चुकलेलं असतं. हे एकदा कळलं की पुढे भूमिका मिळेल तेव्हा नवीन रंगमंचावर पोचताच आधी पावलं मोजशील.

पावसाळ्यात दमट फरशीवर टेप धरत नाही. फरशी कोरड्या फडक्यानं पुसून, पंखा लावून, मगच चिकटव आणि टोकांवर पारदर्शक टेप मार. सप्टेंबरचा प्रयोग असल्यानं आणखी दोन गोष्टी. लाकडी दाराची चौकट ओलीनं फुगते; सुताराला दाराच्या तिन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर फट ठेवायला सांग, नाहीतर नेमक्या प्रवेशाला दार अडतं आणि अख्खा फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची भिंत, हलतो. आणि रंग आदल्या रात्री लावून चालत नाही. रंगीत तालमीआधी किमान दोन दिवस हातात ठेव. वेशभूषा तू केली आहेस, तेव्हा पेटीत घडी करून ठेवलेल्या नऊवारीवर ऑगस्टमध्ये बुरशी कशी येते ते तुला सांगायला नको.

रोजच्या धावत्या, म्हणजे न थांबता केलेल्या, तालमीची वेळ अंकागणिक लिहून ठेव. सोमवारी पहिला अंक ५२ मिनिटांचा झाला आणि गुरुवारी ५८ चा, तर ती सहा मिनिटं कुठे गेली ते पानापानावर शोध. बहुतेक वेळा संवाद वाढलेले नसतात. प्रत्येक नट आपल्या वाक्याआधी थोडा थोडा थांबायला लागलेला असतो. जत्रेतल्या नाटकाची म्हणून वर सांगितलेली सवय इथे मिनिटांच्या हिशेबात सापडते, आणि तीही शहरातल्या मुलांत.

तांत्रिक तालमीचा, म्हणजे दिवे आणि आवाजाच्या सूचना बसवण्याचा, दिवस सगळ्यात अवघड. तासाभराच्या नाटकात चाळीस सूचना असतील तर चार-पाच तास धर. त्या दिवशी अभिनय करायचा नसतो. सूचनेच्या आधीची दोन वाक्यं, सूचना, नंतरची दोन वाक्यं, पुढे चला. नट कंटाळतात, कुणीतरी पूर्ण प्रवेश करायला लागतो आणि रात्रीचे दहा वाजतात. तुझ्या बसचा प्रश्न खरं तर इथेच आहे. तालमीचं वेळापत्रक रंगमंच व्यवस्थापकच लिहितो. लांबून येणाऱ्यांचे प्रवेश आधी लाव, तांत्रिक तालीम रविवारी सकाळी ठेव, सुटण्याची वेळ सुरू होण्याच्या वेळेइतक्याच ठळक अक्षरांत लिही आणि पहिल्या आठवड्यातच दिग्दर्शकाची त्यावर सही घे. प्रयोगाच्या आठवड्यातल्या तीन-चार रात्री पणजीत कुणा मैत्रिणीकडे राहण्याची सोय आत्ताच घरी बोलून ठरव. अकरा वाजता स्टँडवर उभं राहून फोन करण्यापेक्षा वडिलांना ते आधी कळलेलं बरं.

अंधाराबद्दल एक गोष्ट नटांना जरूर सांग. विंगेत उभं राहून उजेडाकडे पाहत राहिलं की ब्लॅकआऊटमध्ये काही दिसत नाही आणि माणूस लेव्हलवर आपटतो. प्रवेश बदलायच्या आधी दहा-पंधरा सेकंद डोळे मिटून ठेवायचे, लेव्हलच्या कडांना अंधारात चमकणारी टेप लावायची. प्रॉपर्टीच्या टेबलावर पांढरा कागद अंथरून प्रत्येक वस्तूची रेघेनं आकृती काढ आणि आत नाव लिही. काय जागेवर नाही ते एका नजरेत दिसतं. ही तपासणी प्रयोगाआधी एक तास आणि पुन्हा पहिल्या घंटेआधी.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि तिथे तुझी तक्रार योग्य आहे. सलग दोन प्रयोगांत वेशभूषा. मुलींना कपडे आणि मुलांना दिवे अशी वाटणी अजूनही बऱ्याच ठिकाणी होते, कुणी मुद्दाम ठरवत नाही म्हणून ती चालू राहते. पुढच्या सत्रात प्रकाशयोजनेत साहाय्यक म्हणून काम मागून घे. नटाला दिव्यांचं ज्ञान फार उपयोगी पडतं. पुढून ४५ अंशांतून प्रकाश आला की साडेपाच फुटी माणसाची सावली मागे जवळजवळ तेवढीच लांब पडते. मागच्या पडद्यापासून सहा फूट पुढे राहिलीस तर सावली जमिनीवर राहते, पडद्यावर चढत नाही. दिवा अगदी डोक्यावर असेल तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि चेहऱ्यावरचं काही पोचत नाही. तेव्हा हनुवटी जराशी वर घ्यावी लागते. जुन्या हॅलोजन दिव्याखाली नट गालावरच्या उष्णतेनं आपली जागा ओळखतो. एलईडीला ती ऊब नाही, तिथे जमिनीवरची खूण आणि मोजलेली पावलंच कामाला येतात.

विजेचा हिशेब तर गावच्या मांडवातही वाचवेल. १००० वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपियर ओढतो. १६ अँपियरच्या एका सॉकेटवर असे तीनच. चौथा लावला की एकूण सतरा अँपियरच्या वर जातं : नशीब चांगलं असेल तर ट्रिप होतं, नाहीतर वायर तापते. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून भार टाकला तर ती आतल्या आत वितळते, पूर्ण उलगडायचीच. प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सुरक्षा साखळी. हॅलोजनचा बल्ब उघड्या हातानं धरायचा नाही, बोटांचं तेल लागलेल्या जागी काच तापून फुटते. जोडणी आणि अर्थिंग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच, ओल्या मैदानावर तर नक्कीच.

आता भूमिका कशी मागायची. वेळ चुकली तर चांगलं मागणंही वाया जातं. प्रयोगाच्या आठवड्यात किंवा पात्रनिवड जाहीर झाल्यावर रडत जाऊ नकोस. सप्टेंबरचा प्रयोग झाला की आठवड्याभरात, वही हातात घेऊन, सरांकडे वीस मिनिटं माग. ''मला भूमिका का देत नाही?'' असं विचारलंस तर उत्तर गोड किंवा गोलमाल मिळेल. विचार, ''मागच्या निवड चाचणीत माझ्या कामात कोणत्या दोन गोष्टी कमी पडल्या? पुढच्या संहितेत कोणत्या वयाची, कोणत्या बोलीची पात्रं असतील? मी आत्तापासून कशाची तयारी करू?'' जे सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घे. पुढच्या वेळी त्याच मुद्द्यांवर बोलता येतं.

चाचणीसाठी दोन-दोन मिनिटांची दोन स्वगतं कायम तयार ठेव : एक गद्य आणि शांत, दुसरं तुझ्या ताकदीचं, मोठ्या आवाजाचं, गाता येत असेल तर पदासह. नेहमी फक्त दुसरंच दाखवत असशील तर सगळे तुला जत्रेतली नायिका म्हणूनच ओळखणार. शांत स्वगताची तालीम बसून, हात न हलवता, समोर एका माणसाला बसवून कर आणि त्याच्याकडे पाहूनच बोल. पंधरा दिवसांत विंगेकडे वळणारा कान समोर यायला लागतो.

आणि एक मागणी आत्ताच करून टाक. रंगमंच व्यवस्थापकाला सगळ्यांचे संवाद आणि हालचाली माहीत असतात. तालमीला एखादी मुलगी आली नाही की तिच्या जागी तूच उभी राहणार आहेस. दिग्दर्शकांना सांग की एका भूमिकेसाठी पर्यायी कलाकार म्हणून माझं नाव अधिकृतपणे लावा. मग तालमीतलं ते उभं राहणं वही हातात धरून न करता पूर्ण कर.

कॉलेजच्या मोठ्या प्रयोगाची वाट न पाहता स्वतःचं छोटं कामही करता येईल. दोन पात्रं, वीस-पंचवीस मिनिटं, वर्गखोली, दोन खुर्च्या. विद्यार्थ्यांसाठी रंगमंचावरच्या एका मिनिटाला साधारण तासभर तालीम धरावी. म्हणजे पंचवीस तास, आठवड्यातून चार दिवस दोन-दोन तास बसलात तर महिनाभरात प्रयोग उभा राहतो. लेखकाची लेखी परवानगी आधी घ्या. बऱ्याच मंडळींची गाडी इथे अडते, जाहिरात झाल्यावर नकार येतो आणि सगळं थांबतं. वर्गातल्या ज्या मुलाला दिग्दर्शन करायचं आहे आणि संधी मिळत नाही, त्यालाच बरोबर घे. प्रत्येक वर्गात असा एक असतो.

मुंबईच्या कार्यशाळेबद्दल थोडक्यात. सुट्टीत दोन-तीन आठवड्यांची कार्यशाळा जरूर कर, तिथे कोण शिकवतं आणि शेवटी प्रयोग असतो की नुसतं प्रमाणपत्र, हे पाहून. पण पदवी अर्धवट टाकून त्यासाठी जाऊ नकोस. कार्यशाळेत तुला एक प्रवेश मिळेल. मुंबईतलं राहणं, खाणं आणि लोकलचा पास तो प्रवेश संपल्यावरही चालूच असेल. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं मनात आलं तर तिथे पदवीबरोबर प्रत्यक्ष नाटकांत काम केल्याचा अनुभवही विचारतात, आणि तिथल्या तीन वर्षांतही पहिलं वर्ष सगळ्यांना सगळं शिकवण्याचंच असतं. म्हणून आत्तापर्यंतच्या प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, तुझं नाव असलेलं पान, वहीच्या काही पानांच्या प्रती, फोटो एका फाइलीत ठेवायला लाग. साध्या बी.ए.चं म्हणशील तर तो वाईट मार्ग नाही. वाचनाची ओढ असेल, वर्षभर गावात राहून जत्रेचं नाटक करायचं असेल, तर ते सुखाचं आयुष्य आहे. फक्त रागातून तिकडे जाऊ नकोस.

वडिलांचा प्रश्न अपमानाचा आहे असं मला वाटत नाही. त्यांनी तुला मांडवात टाळ्या घेताना पाहिलं आहे आणि आता त्यांना तू दिसतच नाही. त्यांना सप्टेंबरच्या प्रयोगाला बोलाव, पण तांत्रिक तालमीलाही अर्धा तास येऊ देत का, ते दिग्दर्शकांना विचार. तुझ्या एका शब्दावर सगळा रंगमंच बदलतो हे पाहिलं की त्यांचे प्रश्न वेगळे होतील.

निर्णय दुसरं वर्ष संपेपर्यंत घेऊ नकोस. तोवर सरांशी दोनदा, मुद्दे लिहून बोलणं झालेलं असू दे, एक छोटा प्रयोग स्वतःचा झालेला असू दे, आणि एकदा तरी दिवे हातात आलेले असू देत. एवढं करूनही निवड चाचणीला उभंच करत नसतील, किंवा विचारलेल्या प्रश्नांना उत्तरंच मिळत नसतील, तर दोष त्या वर्गाच्या रचनेत आहे. मग विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज दे : प्रत्येक विद्यार्थ्याला पदवी संपेपर्यंत किमान एक संवाद असलेली भूमिका आणि दोन वेगवेगळी तांत्रिक कामं मिळावीत. एकटीनं देऊ नकोस. घोळक्यात तुझ्याबरोबर बिनसंवादाचे उभे राहिलेले जे होते, त्यांच्याही सह्या घे.